गायी वाढल्या, पण वळू कोठे आहेत?

देशाच्या विसाव्या पशुगणनेचे आकडे २०१९ साली प्रसिद्ध झाले, तेव्हा त्यांतील दोन आकड्यांचे मोठे स्वागत झाले. २०१२ ते २०१९ या सात वर्षांत गायींची संख्या सुमारे १८ टक्क्यांनी वाढली होती आणि ज्यांना आपण देशी अथवा गावठी म्हणतो त्या गायींच्या संख्येतही सुमारे १० टक्क्यांची भर पडली होती. देशी गोवंशाची घसरण थांबली, असा निष्कर्ष अनेकांनी त्यावरून काढला. परंतु त्याच तक्त्यात तिसरा एक आकडा होता आणि त्याकडे फारसे कोणाचे लक्ष गेले नाही. त्याच सात वर्षांत गोवर्गातील नरांची संख्या जवळजवळ ३० टक्क्यांनी घटली. देशातील सुमारे १९ कोटी गोधनात नरांचा वाटा एकचतुर्थांशावर आला.

ही घट प्रामुख्याने बैलांची आहे आणि तिचे कारण उघड आहे. नांगर, मोट आणि गाडी या तिन्ही ठिकाणांहून बैल हटला व त्याची जागा ट्रॅक्टर, पंप आणि टेम्पो यांनी घेतली. बैल हा खच्ची केलेला नर. त्याचा प्रजननाशी संबंध नाही, तेव्हा त्याच्या घटीची चिंता कशासाठी, असा प्रश्न कोणी विचारील. उत्तर असे आहे की, वळू हा आकाशातून पडत नाही. गावात शंभर गोऱ्हे बैल होण्यासाठी वाढवले जातात, तेव्हाच त्यांतील दोन-चार उमदे खोंड वळू म्हणून राखण्याजोगे निघतात. गोऱ्ह्याला किंमतच उरली नाही की तो वाढवला जात नाही, आणि तो वाढवला गेला नाही की निवडीला वावच राहत नाही. देशी जातींच्या भवितव्याचा खरा प्रश्न येथे आहे. तो मुख्यतः गायींच्या संख्येचा नसून वळूंच्या संख्येचा आहे.

एक साधे गणित

हा मुद्दा भावनेचा नव्हे, गणिताचा आहे. अमेरिकन शास्त्रज्ञ स्यूअल राइट यांनी १९२० ते १९३० च्या सुमारास सगोत्र प्रजनन मोजण्याची जी रीत घालून दिली, तिच्यावर आजचे सारे पशुपैदास-शास्त्र उभे आहे. प्रत्येक प्राण्याला प्रत्येक जनुकाच्या दोन प्रती मिळतात. एक पित्याकडून आणि एक मातेकडून. या दोन्ही प्रती एकाच पूर्वजाच्या एकाच प्रतीपासून उतरलेल्या असण्याची शक्यता म्हणजे सगोत्र प्रजननाचा गुणांक. वळूचा संयोग त्याच्या स्वतःच्या कालवडीशी झाला, तर होणाऱ्या वासरात हा गुणांक २५ टक्के असतो. सावत्र भावंडांच्या संयोगात तो साडेबारा टक्के आणि चुलत-मावस भावंडांच्या संयोगात सव्वासहा टक्के असतो.

हा गुणांक वाढला म्हणून बिघडते कोठे? प्रत्येक प्राण्याच्या अंगी काही सदोष जनुके सुप्तपणे वावरत असतात. दुसरी प्रत निर्दोष असेपर्यंत त्यांचा उपद्रव जाणवत नाही. नात्यातल्या संयोगात दोन्ही प्रती सदोष येण्याचा संभव वाढतो आणि सुप्त दोष उघडा पडतो. गाय वेळेवर माजावर येत नाही, गाभ टिकत नाही, वासरू अशक्त निपजते, वाढ खुंटते, दूध घटते. यांतील कोणतीही एक गोष्ट शेतकऱ्याला चमत्कारिक वाटत नाही. तो ती चाऱ्यावर, पाण्यावर, नशिबावर किंवा डॉक्टरवर घालतो. साथीच्या रोगाप्रमाणे हे नुकसान एका दिवसात डोळ्यांत भरत नाही. ते व्याजाप्रमाणे हळूहळू साठत जाते.

आता राइट यांच्या सूत्राकडे वळावे. एखाद्या जातीत प्रत्यक्ष किती जनावरे आहेत यापेक्षा तिची 'परिणामकारक संख्या' किती, हे महत्त्वाचे असते. वळूंची संख्या आणि गायींची संख्या यांच्या गुणाकाराची चौपट करावी आणि तिला दोहोंच्या बेरजेने भागावे, म्हणजे ती संख्या मिळते. समजा, एका जातीच्या १,००० गायी आहेत आणि त्यांना ५ वळू आहेत. परिणामकारक संख्या येते सुमारे २०. डोळ्यांना १,००५ जनावरे दिसतात. पण वंशाच्या दृष्टीने त्या कळपाची रुंदी वीस जनावरांइतकीच आहे.

आता याच जातीच्या गायी वाढवून १०,००० केल्या आणि वळू पाचच ठेवले, तर काय होईल? परिणामकारक संख्या १९.९ वरून १९.९९ होईल. म्हणजे नऊ हजार गायी वाढवून जनुकीय वैविध्यात व्यवहारतः शून्य भर पडली. उलट गायी १,००० च ठेवून वळू पाचाचे तेरा केले, तर हीच संख्या एकदम ५१ वर जाते. सगोत्र प्रजनन दर पिढीला एक टक्क्याहून अधिक वाढू नये, म्हणजे परिणामकारक संख्या ५० च्या खाली जाऊ नये, असा दंडक या क्षेत्रात सामान्यतः पाळला जातो. नऊ हजार गायींनी जे साधत नाही, ते आठ वळूंनी साधते. पाच वळूंच्या कळपात दहा पिढ्यांमध्ये, म्हणजे सुमारे पन्नास-साठ वर्षांत, सगोत्र प्रजननाचा गुणांक २२ टक्क्यांवर जातो. तेरा वळूंच्या कळपात तो ९ टक्क्यांच्या आसपास राहतो. पहिला आकडा बाप-लेकीच्या संयोगाच्या जवळ जाणारा आहे. अर्थात हे सूत्र आदर्श स्थितीचे आहे. सर्व वळूंना सारख्याच गायी मिळतात आणि ते एकमेकांचे नातलग नसतात, असे त्यात गृहीत आहे. प्रत्यक्षात स्थिती याहून वाईट असते, बरी नसते.

संख्येचा जुना वाद

भारतीय अर्थशास्त्रज्ञांना गुरांच्या संख्येचा प्रश्न नवा नाही. १९६० च्या दशकात वि. म. दांडेकर आणि के. एन. राज यांच्यासारख्या विद्वानांनी या प्रश्नावर हिरीरीने वाद घातला. देशात गुरे गरजेपेक्षा अधिक आहेत काय, शेतकरी त्यांच्या संख्येचा निर्णय आर्थिक हिशेबाने घेतो की श्रद्धेने, हा त्या वादाचा गाभा होता. त्या वादात जनावर म्हणजे जनावर, एकाची बेरीज दुसऱ्यात करता येते, हे गृहीत होते. आजचा प्रश्न निराळा आहे. वंशाच्या हिशेबात एक वळू आणि एक गाय यांचे मोल सारखे नाही, आणि दहा नातलग वळू हे दहा परक्या वळूंच्या बरोबरीचे नाहीत. सरकारी धोरण मात्र अद्याप बेरजेच्याच भाषेत बोलते.

महाराष्ट्र राज्याने ३० सप्टेंबर २०२४ रोजी देशी गायीला 'राज्यमाता-गोमाता' घोषित केले आणि त्याच वेळी गोशाळांतील देशी गायींसाठी दररोज प्रत्येकी ५० रुपये अनुदान देण्याचा निर्णय घेतला. भाकड व निराधार गायींचा सांभाळ हा या अनुदानाचा एक हेतू असेल, तर त्याबद्दल वेगळी चर्चा करता येईल. परंतु देशी जातींचे संवर्धन हा हेतू म्हणून सांगितला जातो, तेव्हा त्याची परीक्षा वरील गणिताने केली पाहिजे. नऊ हजार गायींना दररोज ५० रुपये दिले, तर वर्षाला १६ कोटी ४२ लाखांहून अधिक रुपये लागतात. आठ वळूंच्या संगोपनाला प्रत्येकी दररोज ३०० रुपये लागतात असे धरले, तरी वर्षाचा खर्च पावणेनऊ लाखांच्या आसपास राहतो. पहिल्या खर्चाने जातीचे वैविध्य जेथल्या तेथे राहते. दुसऱ्याने ते अडीचपट होते. सीमांत लाभाचे इतके लख्ख उदाहरण अर्थशास्त्राच्या पाठ्यपुस्तकातही क्वचितच सापडेल.

वळू का राखला जात नाही?

मग वळू कोणी का राखत नाही? कारण वळू ही खासगी मालकीची, पण सार्वजनिक उपयोगाची वस्तू आहे. त्याच्या वैरणीचा, पेंडीचा, गोठ्याचा आणि त्याच्या धसमुसळेपणाचा सारा भार एका घरावर पडतो. लाभ मात्र अवघ्या गावाच्या गायींना होतो. गाय दूध देते, बैल ओढकाम करतो. वळूचे उत्पन्न म्हणजे अधूनमधून मिळणारी भरणाची फी. जेथे खर्च एकाचा आणि लाभ सर्वांचा, तेथे ती वस्तू गरजेपेक्षा कमी निर्माण होते, हा अर्थशास्त्राचा साधा सिद्धान्त आहे.

जुन्या ग्रामव्यवस्थेने या प्रश्नाला आपल्या परीने उत्तर काढले होते. देवाच्या नावाने वळू सोडला जाई. तो कोणाच्या शेतात शिरला तर चार तोंडे घास त्याचा हक्क मानला जाई, आणि गायरान त्याच्यासाठी मोकळे असे. श्रद्धेच्या रूपाने तो एक कर होता आणि तो साऱ्या गावावर विभागला जाई. ती व्यवस्था सर्वस्वी निर्दोष होती, असे मात्र समजू नये. एकच वळू पाच-सहा वर्षे एकाच गावात राहिला की त्याच्या कालवडी माजावर येत आणि बाप-लेकीचा संयोग होई. ज्या समाजाने माणसांच्या विवाहात सगोत्राचा इतका काटेकोर विचार केला, त्याने गुरांच्या बाबतीत तो केला नाही. तरीही जनावरांच्या जत्रा, सोयरिकीतून येणारी गाय-वासरे आणि मेंढपाळ-गवळ्यांची भटकंती यांमुळे नवे रक्त येत राही. खरसुंडी, म्हसवड, माळेगाव येथील जत्रा केवळ खरेदी-विक्रीची ठिकाणे नव्हती. जातीचे रक्त खेळते ठेवणारी ती अभिसरण-केंद्रे होती.

ब्रिटिश राजवटीत मुंबई इलाख्यासाठी १९३३ साली पशुधन सुधारणेचा कायदा झाला. निकृष्ट वळू खच्ची करावेत आणि परवान्याचे वळूच ठेवावेत, अशी त्यामागील दृष्टी होती. निवडीच्या दृष्टीने ती चुकीची नव्हती. परंतु खच्ची करण्याची यंत्रणा उभी राहिली की वळूंची संख्या लगेच कमी होते, आणि उत्तम वळू पुरवण्याची यंत्रणा मागे राहिली की ती कमीच राहते.

त्यानंतर आले कृत्रिम रेतन. उरुळी कांचन येथे मणिभाई देसाई यांनी १९६७ साली 'बायफ' संस्थेची स्थापना केली आणि गोठित रेताच्या साहाय्याने संकरित कालवड शेतकऱ्याच्या दारात नेली. या कार्याने असंख्य अल्पभूधारक कुटुंबांना रोज हाती पैसा देणारे साधन मिळवून दिले, हे कृतज्ञतापूर्वक मान्य केले पाहिजे. संकरित गाय सरासरीने देशी गायीच्या दुपटीहून अधिक दूध देते. शेतकऱ्याने तिला पसंती दिली, ही त्याची अश्रद्धा नव्हे, त्याचा हिशेब होता. ज्याच्या घरी मुलांच्या फीचे पैसे दुधाच्या पगारातून जातात, त्याला जातिसंवर्धनाचे व्याख्यान देण्याचा अधिकार शहरवासीयांना नाही.

तथापि, कृत्रिम रेतनाने वळूची गणिते बदलली हे विसरता येत नाही. एका वळूपासून वर्षाला हजारो रेतमात्रा मिळतात. शंभर गावांचे शंभर वळू हटवून एक उत्तम वळू सर्वांना पुरतो. कार्यक्षमतेचा हा कळस आहे आणि धोक्याचाही. २०१४ च्या डिसेंबरात सुरू झालेल्या राष्ट्रीय गोकुळ मिशनने देशी जातींकडे लक्ष वळवले, हे चांगलेच झाले. त्यापाठोपाठ लिंगनिश्चित रेताचा प्रसार होत आहे. कालवडीच जन्माव्यात, गोऱ्हे जन्मूच नयेत, ही त्यामागील अपेक्षा. दूधधंद्याच्या दृष्टीने ती रास्त आहे. पण लहान संख्येच्या जातींत हे तंत्र सरसकट वापरले, तर उद्याचा वळू ज्या गोऱ्ह्यांतून निवडावयाचा, त्यांचा झराच आटेल.

श्रीमंतांचा धडा

एका वळूवर किती भिस्त ठेवावी, याचा धडा अमेरिकेतील होल्स्टीन गायींच्या इतिहासात आहे. १९६२ साली जन्मलेल्या 'पॉनी फार्म आर्लिंडा चीफ' या वळूच्या कन्या असामान्य दूध देत. त्याच्या कन्यांची संख्या १६ हजारांवर गेली, नातींची पाच लाखांवर आणि पणतींची वीस लाखांवर. त्या जातीच्या जनुकसंचात त्याचा एकट्याचा वाटा १४ टक्क्यांच्या जवळपास पोचला. या वळूच्या अंगी एक सुप्त घातक जनुक होते. ते दोन्हीकडून आले की गर्भ पोटातच दगावतो. वळूचे नातलगच एकमेकांना भेटू लागल्यावर असे गर्भपात जगभर होत राहिले. त्यांची संख्या सव्वापाच लाखांच्या घरात आणि नुकसान ४२ कोटी डॉलरच्या आसपास असल्याचा अंदाज शास्त्रज्ञांनी २०१६ साली मांडला. या दोषाचा माग लागला तोच मुळी २०११ साली, म्हणजे वळूच्या जन्मानंतर जवळजवळ अर्धशतकाने.

या वळूने दुधाच्या वाढीतून मिळवून दिलेला लाभ त्या नुकसानीपेक्षा कितीतरी मोठा होता, हेही त्याच अंदाजात नमूद आहे. तेव्हा उत्तम वळू वापरूच नये, असा अर्थ यातून निघत नाही. निघतो तो असा की, अमेरिकेत प्रत्येक गायीची वंशावळ लिहिलेली होती, प्रत्येक वेताची नोंद होती आणि प्रयोगशाळा सज्ज होत्या, तरी दोष सापडायला पन्नास वर्षे लागली. आपल्याकडे अकोल्याच्या डोंगरातील डांगी गायीचा पिता कोण, हे कोणत्या वहीत लिहिलेले आहे? जेथे नोंद नाही तेथे दोष सापडण्याचा प्रश्नच उद्भवत नाही. तो केवळ सोसला जातो.

हाच धोका परदेशातून देशी रक्त परत आणण्याच्या कल्पनेतही दडलेला आहे. आंध्रची ओंगोल जात ब्राझीलमध्ये 'नेलोर' या नावाने कोट्यवधींच्या संख्येने नांदते आणि सौराष्ट्रातील गीरही तेथे दुधासाठी नावाजली आहे. तेथून गीरचे रेत आणावे, ही कल्पना गेल्या दशकात वारंवार पुढे आली. परंतु १९६० च्या दशकाच्या आरंभानंतर भारतातून ब्राझीलला मोठी आयात झाली नाही, आणि तेथील प्रचंड कळप पुष्कळ अंशी तेव्हा नेलेल्या मोजक्या वळूंच्या वंशावर पोसले गेले आहेत. संख्येची विपुलता ही वैविध्याची हमी नव्हे, हे येथेही ध्यानात ठेवले पाहिजे.

शर्यत, बोकड आणि बाजार

महाराष्ट्रात आज खिल्लार, देवणी, लाल कंधारी, डांगी, गवळाऊ, कोकण कपिला, कठाणी अशा गायींच्या जाती नोंदलेल्या आहेत. शेजारी गोव्याची श्वेत कपिला आहे. पंढरपुरी, नागपुरी, मराठवाडी या म्हशी आहेत. उस्मानाबादी, संगमनेरी, कोकण कन्याळ, बेरारी या शेळ्या आहेत आणि दख्खनी मेंढी आहे. प्रत्येक जात म्हणजे त्या त्या मुलखाच्या हवामानाशी शेकडो वर्षे झालेला करार आहे. सह्याद्रीच्या मुसळधार पावसात डांगीच्या कातडीवरील तेलकट स्राव तिला तारतो. माणदेशाच्या खडकाळ, कोरड्या जमिनीवर खिल्लारचे पाय टिकतात.

या प्रत्येक जातीत बाजाराचे बळ वेगळ्या दिशेने काम करते. खिल्लार जातीला शर्यतीने किंमत मिळवून दिली. ७ मे २०१४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने बैलांच्या शर्यतींवर बंदी घातली. १६ डिसेंबर २०२१ रोजी महाराष्ट्रातील शर्यतींना सशर्त परवानगी मिळाली आणि १८ मे २०२३ रोजी घटनापीठाने राज्याचा कायदा वैध ठरवला. प्राणिमात्रांवरील क्रौर्याचा प्रश्न आपल्या जागी गंभीर आहेच. पैदाशीच्या दृष्टीने पाहिले, तर शर्यतीमुळे खिल्लारचा गोऱ्हा वाढवण्यास कारण उरते, ही जमेची बाजू. पण शर्यत जिंकणाऱ्या मोजक्या वंशांवरच साऱ्यांच्या उड्या पडतात आणि इतर वंश दुर्लक्षिले जातात, ही खर्चाची. किमती चढल्या म्हणजे जात वाचली, असे नव्हे.

याउलट ज्या जातींना शर्यत नाही, तेथील नराला मोलच उरलेले नाही. २०१५ च्या मार्चपासून महाराष्ट्रात गायींप्रमाणे वळू आणि बैल यांच्या हत्येलाही बंदी झाली, आणि २०१६ च्या मे महिन्यात मुंबई उच्च न्यायालयाने ती बंदी कायम केली. या कायद्याच्या नैतिक अधिष्ठानाविषयी दोन मते आहेत. परंतु त्याचा आर्थिक परिणाम सरळ आहे. उतारवयातील जनावराची अखेरची किंमत नाहीशी झाली की, ते वाढवण्याचा सुरुवातीचा निर्णयही बदलतो. शेतकरी गोऱ्हा विकत घेताना पुढील पंधरा वर्षांचा विचार करतो. ज्या जनावराला काम नाही आणि ज्याच्यातून बाहेर पडण्याचा मार्ग नाही, त्यात तो आपली वैरण का गुंतवील? कायद्याने नराचा जीव राखला असेल. पण नर वाढवण्याची इच्छा मात्र त्याने कमी केली. ही जबाबदारी समाजाने पत्करावयाची असेल, तर तिचे बिलही समाजाने भरले पाहिजे.

शेळ्या-मेंढ्यांत चित्र आणखी निराळे आहे. तेथे बोकडाला भाव आहे, आणि अडचण नेमकी तीच आहे. जो बोकड लवकर वाढतो, देखणा व वजनदार असतो, तो ईदच्या अगर जत्रेच्या बाजारात प्रथम विकला जातो. मागे राहतो तो खुरटा, किंवा घरच्याच कळपात उशिरा जन्मलेला. पाच-दहा शेळ्यांच्या मालकिणीला हा व्यवहार अपरिहार्य असतो, कारण दवाखान्याचे किंवा लग्नाचे पैसे त्या बोकडातूनच उभे राहायचे असतात. अशा रीतीने बाजार पिढ्यान्‌पिढ्या उत्तम नर वंशातून काढून घेतो, आणि उरलेल्या नराकडून त्याच्या आई-बहिणी फळतात. निवड आणि सगोत्र प्रजनन ही दोन्ही बळे येथे एकाच वेळी उलट्या दिशेने चालतात.

हरवलेल्या जनुकाची किंमत

एवढा खटाटोप कशासाठी, असे कोणी म्हणेल. एखादी जात नाहीशी झाली तर दुसरी आहेच. या प्रश्नाचे उत्तर एका ठेंगण्या मेंढीने दिले आहे. सुंदरबनातील गरोळे मेंढी इतकी लहानखुरी की, मांसाच्या दृष्टीने तिची गणना कोणी करू नये. परंतु ती एका वेळी दोन-तीन कोकरे देते. १७९२-९३ च्या सुमारास बंगालमधून काही मेंढ्या ऑस्ट्रेलियात गेल्या. पुढे तेथील 'बुरुला' या मेंढ्यांच्या बहुप्रसवतेने जगाचे लक्ष वेधून घेतले आणि त्यामागील जनुक शोधून काढल्यावर असे आढळले की, तेच जनुक गरोळेत आहे. फलटण येथील निंबकर कृषी संशोधन संस्थेने हेच जनुक दख्खनी मेंढीत आणून जुळी कोकरे देणारी मेंढी तयार केली. दोन शतके जिला कोणी हिशेबात धरले नव्हते, तिच्यात माणदेशाच्या मेंढपाळाचे उत्पन्न वाढवणारा गुण दडलेला होता. ती जात दरम्यान नष्ट झाली असती, तर काय गमावले हे कोणाला कळलेही नसते.

अर्थशास्त्रात याला विम्याचे मूल्य म्हणतात. उद्याची उष्णता किती, उद्याचा रोग कोणता, उद्याचा चारा कोणता, हे आज सांगता येत नाही. २०२२ साली लम्पी त्वचारोगाच्या साथीने गोठे रिकामे केले, तेव्हा या अनिश्चिततेची चुणूक महाराष्ट्राने पाहिली. एकसारख्या जनुकांचा कळप रोगापुढे एकसारखाच कोसळतो. विविध कळपात काही तरी उभे राहते. या विम्याचा हप्ता मात्र कोणताही एक शेतकरी भरणार नाही, कारण भरपाई त्याला एकट्याला मिळावयाची नाही. म्हणूनच तो सरकारने भरावयाचा असतो.

काय करता येईल?

सुदैवाने हा हप्ता फार मोठा नाही. पहिली गोष्ट, अनुदानाचा रोख गायीवरून वळूकडे वळवावा. प्रत्येक नोंदलेल्या जातीसाठी परस्परांशी नाते नसलेले किमान पंचवीस-तीस वळू वेगवेगळ्या गावांत, पशुपालकांच्याच गोठ्यांत राखले जावेत आणि त्यांच्या संगोपनाचा पूर्ण मोबदला नियमित दिला जावा. शेळ्या-मेंढ्यांच्या बाबतीत उत्तम बोकड विकण्याऐवजी दोन हंगाम राखणाऱ्या कुटुंबाला बाजारभावाइतकी भरपाई द्यावी.

दुसरी गोष्ट, वळूंची फिरती ठेवावी. चार-पाच गावांचे एक वर्तुळ करावे आणि कालवडी माजावर येण्याच्या आत, म्हणजे दर तीन वर्षांच्या आत, प्रत्येक गावचा वळू पुढच्या गावाला जावा. यासाठी प्रयोगशाळा लागत नाही. लागते ती ग्रामपंचायतीची वही आणि थोडी शिस्त.

तिसरी गोष्ट नोंदींची. आज जनावरांच्या कानात बारा अंकी बिल्ला आहे. त्या बिल्ल्याखाली जनावराच्या पित्याची नोंद होत नसेल, तर तो केवळ हजेरीचा क्रमांक ठरतो. प्रत्येक रेतमात्रेवर वळूचा क्रमांक असतोच. तो गायीच्या नावे चढवणे आणि पुढच्या वेळी त्याच वंशाची मात्रा तिला न देणे, एवढेही दवाखान्यांतून कटाक्षाने पाळले गेले, तरी कृत्रिम रेतन हे संकुचिततेचे नव्हे, वैविध्याचे साधन ठरेल. गोठित रेत पन्नास वर्षे टिकते आणि शेकडो मैल जाते. नव्या रक्ताचा पुरवठा करण्याची त्याच्याइतकी सोय जुन्या जत्रांनाही नव्हती.

चौथी गोष्ट, कर्नालचा राष्ट्रीय पशु आनुवंशिक संसाधन ब्यूरो १९८४ पासून जातींची ओळख व जतन यांचे काम करीत आहे. जातीची नोंदणी झाली म्हणजे काम संपले, असे मानण्याची प्रवृत्ती सोडली पाहिजे. नोंदणी हे जन्माचे प्रमाणपत्र आहे, आरोग्याचे नव्हे. दर पाच वर्षांनी प्रत्येक जातीची परिणामकारक संख्या काढून ती जाहीर केली जावी.

२०२४ च्या ऑक्टोबरात एकविसाव्या पशुगणनेला आरंभ झाला. तिच्या आकड्यांवर भाषणे होतील, गायी किती वाढल्या याचे अभिनंदनही होईल. त्या तक्त्यात सुज्ञ वाचकाने प्रथम पाहावयाचा रकाना मात्र दुसरा आहे. जातवार वळू किती, आणि ते कोणाचे कोण लागतात? पहिल्या प्रश्नाचे उत्तर गणना देईल. दुसऱ्याचे उत्तर देणारी वही आज आपल्याकडे नाही, आणि ती उघडल्याशिवाय गोधनाच्या संवर्धनाचे कोणतेही धोरण पुरे झाले, असे म्हणता येणार नाही.